महागाई आणीबाणीच्या आधीच उतरू लागली होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आणीबाणीचा विषय निघाला की ‘काही म्हणा, तेव्हा महागाई तरी आटोक्यात आली’ हे कोणीतरी म्हणतेच. परवा एका लग्नात ते पुन्हा ऐकले आणि राहवेना.

१९७४ साली मी आठवीत होते. परळच्या चाळीत आम्ही सहा माणसे. वडील केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून. आईची त्या वर्षांची हिशोबाची वही मी जपून ठेवली आहे. तिच्यात रुपयांचा रकाना फारसा हलत नाही, कारण पगारच तेवढा होता. हलतो तो वजनाचा. गोडेतेल दोन किलो, मग दीड, मग एक. तुरीच्या डाळीच्या जागी मसूर. त्या गणपतीत ‘साखर रेशनचीच, तेवढ्यात भागवले’ एवढीच नोंद. क्रयशक्ती घटते म्हणजे काय, ते मला या वहीने शिकवले.

ही महागाई आली कशाने? बांगलादेश युद्धाचा आणि सुमारे एक कोटी निर्वासितांचा खर्च, ७२चा दुष्काळ आणि त्यावर १९७३च्या अखेरीस काही महिन्यांत जवळजवळ चौपट झालेले खनिज तेलाचे भाव. १९७४-७५ मध्ये घाऊक किमती सरासरी २५ टक्क्यांनी वाढल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे हजारो बायका लाटण्याने थाळ्या बडवत रस्त्यावर उतरल्या. त्यांत आईही होती. पोळ्यांचे लाटणे पिशवीत घालून गेली आणि संध्याकाळी त्याच लाटण्याने पोळ्या केल्या.

आता तारखा पाहा. किमतींची चढण सप्टेंबर १९७४च्या सुमारास थांबली आणि त्या उतरू लागल्या. आणीबाणी आली २५ जून १९७५ला. मधले नऊ महिने कोणाच्या खात्यावर टाकायचे? जुलै १९७४ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँक दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ९ टक्क्यांवर नेला होता. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि नोकरदारांची पगारवाढ सगळी, वाढीव महागाई भत्ता निम्मा, सक्तीच्या ठेवीत गेला. पुढे १९७५चा पाऊस चांगला झाला आणि भाव आणखी उतरले. पाऊस काही हुकमाने पडत नाही.

महागाई रोखण्यासाठी कठोर उपाय लागले, हे मला मान्य आहे. पण ते संसद चालू असताना, वर्तमानपत्रे मोकळी असताना झाले, आणि त्यांचा भार आमच्यासारख्या घरांनी उचलला. भत्ता वाढल्याची बातमी आली त्या दिवशी आईने यादीत माझ्या चपला लिहिल्या होत्या. नंतर त्यावर रेघ मारून तिने बाजूला ‘ठेव’ असे लिहिले आहे. जुन्या चपलांना अंगठा लावून मी ते वर्ष काढले.

त्या घरांचे श्रेय आणीबाणीला देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आपल्या प्रतिनिधीला वही पाहायची असेल तर जरूर पाठवा.

– एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली