मास्क, बॅरोमीटर आणि माझी खुशाली

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

कॅन्सरवर किरणांचे उपचार करणाऱ्या इथल्या विभागात पाहुणा डॉक्टर म्हणून मी मजेत आहे. आई, किरणांचा घोर सोड. उपचार चालू असताना खोलीत फक्त पेशंट असतो आणि दार उघडलं की मशीन आपोआप थांबतं. मशीनमधला किरण सोडणारा कोबाल्टचा स्रोत कधीच विझत नाही हे खरं, पण काम नसताना तो जाड कवचात असतो. आमच्यासाठी वर्षाला सरासरी 20 मिलिसीव्हर्टची (शरीराला बसलेल्या किरणांचं एकक) मर्यादा आहे. छातीवरचा बिल्ला ते मोजतो आणि माझा आकडा त्याच्या आसपासही नाही.

इथली मास्कची पद्धत मात्र सविस्तर सांगतो. डोक्या-मानेचा कॅन्सर असला की डोकं रोज त्याच जागी राहायला हवं. त्यासाठी प्लास्टिकची जाळीदार शीट साधारण 70 अंशांच्या पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणतात. निवली की साचा तयार. एरवी एका पेशंटला एक शीट. इथे उपचार संपले की तीच धुऊन, पुन्हा गरम पाण्यात सपाट करून पुढच्या माणसाला लावतात. बाबा, तुम्ही म्हणाल हा हलगर्जीपणा. नाही हो. नव्या शीटची वाट बघत पेशंट थांबेल, गाठ थांबणार नाही. पण दर वापरात नाकावरचा भाग पातळ होतो, भोकं ओढली जातात, पकड सैल पडते. म्हणून पाहुण्या डॉक्टरने उपदेश न करता डोकं किती सरकतं ते मोजावं. पहिले तीन दिवस प्रतिमा घेऊन उपचाराच्या प्लॅनशी ताडायची. फरक 3 मिलिमीटरवरून 5 वर गेला की गाठीभोवती किरण द्यायची जादा कड वाढवायची. प्रत्येक वापराची खूण फ्रेमवर करायची. जाळी ढिली दिसली की शीट बाद.

नीलू इथे कामाला यायचं म्हणतेय ना, तिला पुढचं वाचून दाखवा. निघण्याआधी विचारायचं: मशीन कोबाल्ट की लिनॅक (विजेवर किरण तयार करणारं), सीटी स्कॅन आहे का, प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर कोणतं, ब्रेकीथेरपीचा (गाठीत किंवा तिच्याजवळ स्रोत ठेवून करायच्या उपचाराचा) स्रोत कोणता. तो इरिडियमचा असेल तर त्याचं अर्धायुष्य, म्हणजे शक्ती निम्मी व्हायचा काळ, 74 दिवसांचं, त्यामुळे तीन-चार महिन्यांनी नवा स्रोत लागतो. तो कस्टममध्ये अडकला की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा उपचार 8 आठवड्यांत पुरा होत नाही आणि उशिराने आजार परतायची भीती वाढते. पेशंट बघायचे असतील तर तात्पुरत्या परवान्याचा अर्ज फार आधी टाकायचा.

नीलू फिजिसिस्ट आहे, म्हणजे मशीनच्या किरणांचं माप बघणारी, तर स्वतःचा बॅरोमीटर आणच म्हणावं. किरण मोजायच्या चेंबरमध्ये हवा असते, म्हणून मापात तिथला हवेचा दाब धरावा लागतो. विमानतळाचा दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. दीड हजार मीटर उंचीवर खरा दाब 845 हेक्टोपास्कलच्या आसपास. तिथे समुद्रसपाटीचा 1013 धरून चेंबरचं माप घेतलं तर मशीन कमी देतंय असं वाटतं, मग किरणांची मात्रा वाढवली जाते आणि पेशंटला सुमारे 20 टक्के जास्त बसते. अशी चूक पकडायला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा एजन्सी आणि जागतिक आरोग्य संघटना 1969 पासून टपालाने छोटे डोसमापक पाठवतात. त्यांना 2 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) देऊन परत पाठवायचं. त्यांनी मोजलेल्या मात्रेतला फरक 5 टक्क्यांच्या आत हवा. विभागाने हे शेवटी कधी केलं, ते आल्या आल्या विचारायचं.

आणि तिने दोन आठवड्यांत स्वतःच सगळे पेशंट उरकायला बघू नये. माप इथल्या फिजिसिस्टच्या हातून करून घ्यावं, परत गेल्यावरही दर आठवड्याला त्याच्यासोबत प्लॅन तपासावेत. जाताना सगळं ज्ञान सोबत घेऊन जाणारा माणूस इथे नको आहे.

बाबा, या कामाला पगार नाही, म्हणून दोन महिने पैसे कमी येतील. कर्जाचा हप्ता चुकणार नाही, तो वेगळा काढून ठेवलाय. आई, त्या स्थळाला माझ्यासाठी अडकवून ठेवू नकोस. थांबणार असतील तर मी आल्यावर भेटेन. ताईच्या साखरपुड्याला मी नसेन. त्याच आठवड्यात नवा इरिडियम स्रोत येतोय आणि त्याची शक्ती नीट मोजून दुसऱ्याकडून पडताळल्याशिवाय एकही पेशंट घेता येत नाही. ताईला हे मीच फोनवर सांगतो. तुम्ही आधी बोलू नका.

तुमचा,
मंदार