रांग शिपायाने सोडवली

महोदय,

महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत हल्ली ‘नवोपक्रम’ या शब्दाची चलती आहे. कक्ष निघतात, फिती कापल्या जातात. ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी २८ वर्षे काढली. काम नेमके कुठे अडते हे ज्यांना पक्के ठाऊक असते, ते लिपिक, प्रयोगशाळा परिचर आणि शिपाई त्या कक्षात मला कधी दिसले नाहीत.

विद्यार्थ्यांनी मिळवलेली श्रेयांके (क्रेडिट्स) ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची खाती काढायची वेळ आली, तेव्हा आमच्या खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत जाई. तीच मुले तीन-तीनदा परत येत. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचे नाव शेवटी, आधारवर सगळे उलटे. कुणाचे स्पेलिंगच निराळे. नाव जुळत नसे, म्हणून काम अडे. हे पहिल्यांदा लक्षात आले रांग सांभाळणाऱ्या शिपायाच्या. दोन्ही कागद शेजारी धरून तो मुलांना आधीच बाजूला काढू लागला. मग ग्रंथपालबाईंनी वाचनालयातले दोन संगणक दिले आणि कनिष्ठ लिपिकाने प्रवेश अर्जावर ‘आधारवर आहे तसे नाव’ हा रकाना वाढवला. चहाच्या वेळेत ठरलेली गोष्ट, खर्च शून्य. पुढच्या वर्षी रांग दाराबाहेर गेली नाही.

याउलट २०१७चा उन्हाळा आठवा. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचे घाईघाईने ठरवले. निकाल महिनोन्महिने रखडले, शेवटी कुलगुरूंनाच पद सोडावे लागले. कल्पना वाईट नव्हती. पण आयुष्यभर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हाताळणाऱ्यांना आधी चार प्रश्न विचारले असते, तर निम्म्या अडचणी तिथेच कळल्या असत्या, असे मला आजही वाटते.

प्राध्यापकांना रिफ्रेशर कोर्स असतात, पदोन्नतीसाठी ते लागतातही. आमच्याकडे नवे सॉफ्टवेअर आले की कंपनीचा मुलगा अर्धा दिवस येतो, भराभर बटणे दाबून दाखवतो आणि फोन नंबर ठेवून जातो. तो नंबर पुढे लागत नाही. मग ज्याला आधी जमते तो शेजारच्याला शिकवतो, तेही साहेबांची नजर चुकवून, कारण ते ‘काम’ धरले जात नाही. आठवड्यातला एक तास यासाठी रीतसर द्यावा, शिक्षकांनीही त्यात बसावे, एवढीच मागणी आहे.

कायदा आडवा येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ने महाविद्यालय विकास समितीत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा निवडून आलेला प्रतिनिधी ठेवलाच आहे. त्या खुर्चीवर मीही बसलो होतो. मला विचारलेला एकच प्रश्न आठवतो : चहा अजून कसा आला नाही?

आमच्या त्या रकान्याची गोष्ट पुढे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या अहवालात ‘उत्तम प्रथा’ म्हणून छापली गेली. समन्वयकांचा फोटो होता. शिपायाचे नाव मी दोनदा शोधले, सापडले नाही.

– एक निवृत्त कार्यालय अधीक्षक, नौपाडा, ठाणे