औषधनिर्मात्यांचाही गौरव व्हावा

महोदय,

डॉक्टर दिन, परिचारिका दिन आपल्याकडे उत्साहाने साजरे होतात आणि ते योग्यच आहे. २५ सप्टेंबरचा जागतिक औषधनिर्माता (फार्मासिस्ट) दिन मात्र फार्मसी कॉलेजच्या आवाराबाहेर फारसा येत नाही. मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात, कर्नाटकातूनही रुग्ण इथे येतात. त्या सगळ्यांच्या हाती गोळ्या पडतात त्या शेवटी औषधांच्या खिडकीतूनच.

माझ्या आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झाले, तेव्हा खिडकीवर एक प्रशिक्षणार्थी मुलगी होती. मागे रांग वाढत होती, तरी तिने पाकिटावर लाल पेनाने ‘फक्त रविवारी’ असे लिहिले आणि आईकडून ते वदवून घेतले. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेले तर रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकते. डी. फार्म. या औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या मुलांना ५०० तासांचे प्रशिक्षण असते. त्यात अशी जबाबदारी उचलणाऱ्यांचे नाव कुठेच येत नाही, याचे वाईट वाटते.

सांगली-मिरजेतील शासकीय व मोठ्या खासगी रुग्णालयांनी दरवर्षी एक अनुभवी औषधनिर्माता आणि एक प्रशिक्षणार्थी यांचा जाहीर सत्कार करावा. निवड विक्रीच्या आकड्यांवर अजिबात नको. कोणत्या चुका वेळीच पकडल्या, डोसबद्दल शंका आल्यावर डॉक्टरांना फोन करून विचारले का, हे पाहावे. त्यासाठी अशा नोंदींची वही आधी सुरू करावी लागेल. शिफारस परिचारिकांना आणि रुग्णांनाही करता यावी.

— एक वाचक, मिरज