ड्रॉवरमधलं पाकीट

प्रिय आई, बाबा,

परवा तुमच्या तपासण्यांवरून बोलताना फोन मीच आदळला. लगेच पुन्हा लावायला हवा होता, पण तेव्हा आपलंच खरं असं डोक्यात बसलं होतं. म्हणून पत्र. यात मला कुणी मध्येच तोडणार नाही, आणि बाबा, तुम्हालाही "बरं, ठेवतो" म्हणता येणार नाही.

आधी काय करून बसले आहे ते सांगते. तुमच्या दोघांच्या तपासण्यांमधून बाबांची पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरसाठीची रक्ताची तपासणी, मी काढून टाकायला लावली. आईची शौचाची तपासणी, आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी, मात्र ठेवली आहे. बाबा जिंकले आणि आई हरली, असा अर्थ कृपा करून काढू नका.

बाबा, तुम्ही म्हणालात, "शोधलं की सापडतं." मला तो नुसता हट्ट वाटला. मावशीचं जे झालं त्यानंतर माझ्या डोक्यात एकच बसलंय, जितकं लवकर कळेल तितकं बरं. पण रात्री झोप येईना, तेव्हा तुमच्यासारखीच एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मधोमध रेघ ओढली, अलीकडे फायदा, पलीकडे तोटा. (मी कुठल्या शाखेला जावं हेही तुम्ही असंच ठरवलं होतं. पाकीट अजून आहे माझ्याकडे.)

युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांवर २३ वर्षं लक्ष ठेवलं. ४५६ जणांना पीएसएसाठी बोलावलं, तेव्हा प्रोस्टेटच्या कॅन्सरने होणारा एक मृत्यू टळला. हा फायदा दिसायलाही बरीच वर्षं जावी लागतात. पलीकडच्या रकान्यात मात्र सगळं लगेचचं: आकडा नुसत्या वाढलेल्या ग्रंथीने किंवा लघवीच्या संसर्गानेही चढतो, मग बायोप्सी (तुकडा काढून तपासणं), मग कदाचित आयुष्यभर त्रास न देणाऱ्या गाठीवर उपचार, आणि त्यातून लघवीवरचा ताबा जाणं. बाकीचे त्रास मी मुलगी म्हणून इथे लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहेत. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मंडळानेही २०१८ साली सांगितलंय की सत्तरीनंतर ही तपासणी सरसकट करू नये. तुम्ही ७६चे. तेव्हा तुमचं बरोबर होतं, आणि मी उगाच "तुम्हाला आमची काळजीच नाही" वगैरे बोलले. ते मागे घेते.

पण हे काही होत नसताना करायच्या तपासणीबद्दल झालं. लघवीला त्रास झाला, रक्त दिसलं, पाठीचं हाड सतत दुखायला लागलं, तर त्याला स्क्रीनिंग म्हणत नाहीत. त्या दिवशी डॉक्टरकडे जायचं. "बघू दोन दिवस" चालणार नाही.

आता आई. तुझी तपासणी मी का सोडली नाही ते ऐक. आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा साध्या पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या आत उगवलेल्या छोट्या कोंबापासून, सुरू होतो आणि त्याला बऱ्याचदा दहाएक वर्षं लागतात. पॉलिप मिळाला तर काढून टाकतात, म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच विषय संपतो. पीएसएमध्ये असं होत नाही. तू ६९ची आहेस, तब्येत ठणठणीत आहे, तुझ्या हिशेबात फायद्याची बाजू जड आहे. बाबांची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतडं आतून बघणं) सहा वर्षांपूर्वी झाली आणि स्वच्छ निघाली, म्हणून त्यांना आत्ता सोडलंय.

मी पाठवलेलं तपासणीचं पाकीट चष्म्याच्या ड्रॉवरमध्ये तसंच पडलंय ना? "मला काही होत नाही" हे कारण मी धरणार नाही. काही होत नसलेल्यांसाठीच ही तपासणी असते. लाज वाटते हे कारण मात्र मला पटतं. म्हणून सांगते, सगळं घरी, एकटीने करायचं. त्यातल्या काडीचं टोक शौचावर नुसतं फिरवायचं आणि नळीत घालून झाकण लावायचं, बस. पथ्य नाही, उपास नाही.

आणि खरं कारण मला माहीत आहे. रक्त निघालं तर? तर कोलोनोस्कोपी करावी लागेल, आणि बहुतेकांना तेव्हाही कॅन्सर नसतो. पण हे तुला आधीच विचारायला हवं होतं, पाकीट पाठवण्यापूर्वी: पुढची तपासणी करून घ्यायची तुझी तयारी आहे का? ती नसेल तर या काडीला काही अर्थ नाही. मग तसं सांग, मी पुन्हा बोलणार नाही. (बोलेन. पण एकदाच.)

आठवतं, दात उपटतील म्हणून मी चार दिवस दुखणं लपवलं होतं? तू नुसतं गालाकडे पाहून ओळखलंस. रागावली नाहीस. दवाखान्यातल्या खुर्चीशेजारी उभी राहिलीस आणि तुझा अंगठा माझ्या मुठीत दिलास. नखाचे वळ उठले होते तुझ्या. वेळ आलीच तर मी रजा काढून येते. आदल्या रात्रीचं ते पोट साफ करायचं औषध पिताना सोबत बसेन आणि एक अक्षर बोलणार नाही.

गुडघ्याला शेक घेतेस ना? बाबा, रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा, अंधारात चाचपडत जाऊ नका. आणि आई, या वेळी काही निघालं नाही तरी पुढच्या वर्षी पुन्हा करायचं आहे, एकदा करून भागत नाही.

नळीवर तारीख घालायची राहू देऊ नका, नाहीतर नमुना बाद होऊ शकतो. तारीख बाबांनी घालावी. आईचा ७ लोकांना १ वाटतो.

तुमची,
छोटी