तर्जुमान साहेब, सालंगच्या वाटेवर तुम्ही जे शिकवलेत त्याबद्दल

आदरणीय तर्जुमान साहेब,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात मी तुमचे नाव लिहीत नाही आणि गावही लिहीत नाही, कारण परदेशी लोकांबरोबर काम केलेल्या माणसाची ओळख जाहीरपणे सांगणे हे आज तुमच्या देशात, अफगाणिस्तानात, त्याला संकटात लोटण्यासारखे आहे. पुली-खुमरी ते काबूल या वीजवाहिनीच्या कामावर आम्ही सगळेच तुम्हाला ‘तर्जुमान साहेब’, म्हणजे दुभाषी, म्हणत होतो आणि तुम्हालाही ते आवडत असे. तेच संबोधन मी इथे ठेवतो. मराठी तुम्हाला येत नाही, परंतु पुण्यात शिकलेला तुमचा पुतण्या हे पत्र वाचून त्याचा अर्थ तुम्हाला सांगेल अशी खात्री आहे. पत्र मराठीत लिहिण्याचे दुसरेही एक कारण आहे. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आल्यापासून आमच्या सोलापुरात मला भेटणारा प्रत्येक जण विचारतो की वीस वर्षांत एवढा पैसा आणि एवढी माणसे खर्ची पडूनही त्या देशाचे असे का झाले, आणि आता पुढे काय होणार. या प्रश्नाचे जे थोडेफार उत्तर मला देता येते ते तुमच्याकडून आलेले आहे. त्याचे ऋण आजवर मी उघडपणे मान्य केलेले नाही, ते आज करतो.

मी तिथे आलो तेव्हा दुभाषी म्हणजे एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत ठेवणारा माणूस, एवढीच माझी समजूत होती. काबूलच्या उत्तरेकडील शोमालीच्या मैदानात विजेच्या एका मनोऱ्याची जागा आम्ही नकाशावर पक्की केली होती आणि जमिनीचा मालक असलेला वृद्ध गृहस्थ चहा देऊन ‘तुम्ही पाहुणे आहात, तुमची मर्जी’ असे म्हणाला होता. तुम्ही ते वाक्य जसेच्या तसे सांगितलेत, आणि मी खड्डा खणायचा आदेश देणार एवढ्यात मला बाजूला घेऊन म्हणालात की या वाक्याचा अर्थ ‘नाही’ असा आहे. त्या जागेखालून कारेज, म्हणजे डोंगरातले पाणी शेतापर्यंत आणणारे भुयार, जात होते. 1999 मध्ये तालिबानने शोमालीतल्या द्राक्षबागा जाळल्यानंतर परत येऊन लावलेल्या नव्या वेली त्याच पाण्यावर उभ्या होत्या. आपण मनोरा सरकवला. नकाशे पुन्हा काढावे लागले म्हणून वरिष्ठांनी मला चार शब्द सुनावले, पण त्या गावात पुढे आमच्या कामाला कोणी हात लावला नाही. सौजन्याने दिलेला होकार आणि खरा होकार यांतला फरक ओळखल्याशिवाय त्या देशात काहीही उभे राहत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

हिंदुकुश पर्वतातल्या सालंगच्या घाटातली ती दुपारही तुम्हाला आठवत असेल. साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, बर्फ पडण्याआधी तारा ओढून घेण्याची आमची धडपड चालली होती आणि खाली रस्त्याच्या कडेला सोव्हिएत रणगाड्यांचे गंजलेले सांगाडे दिसत होते. तुम्ही मला दाखवलेत की आपण वीज ज्या वाटेने आणत आहोत, त्याच वाटेने ते सैन्य परत गेले. उझबेकिस्तानातून अमू दर्या ओलांडून हैरतान, तिथून पुली-खुमरी, सालंग आणि काबूल. वीज या दिशेने येणार होती आणि रणगाडे उलट दिशेने गेले होते. 15 फेब्रुवारी 1989 रोजी सोव्हिएत फौजेचा सेनापती जनरल ग्रोमोव्ह सीमेवरचा तेरमेझचा पूल चालत ओलांडून गेला, तेव्हा मॉस्कोच्या पाठिंब्यावर चालणारे काबूलमधील नजीबुल्ला यांचे सरकार काही आठवड्यांत कोसळेल असे बहुतेकांना वाटत होते. तुम्ही मला विचारलेत, ते कधी कोसळले ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हते. मार्च 1989 मध्ये जलालाबादवर झालेला मोठा हल्ला त्या सरकारने परतवला आणि सैन्य गेल्यानंतर ते तीन वर्षे टिकले. 1991 च्या अखेरीस सोव्हिएत संघच संपला, मॉस्कोकडून येणारा पैसा, इंधन आणि दारूगोळा थांबला, पगार बंद होताच सरकारच्या बाजूने लढणाऱ्या उझबेक सेनानी दोस्तमच्या फौजांनी बाजू बदलली आणि एप्रिल 1992 मध्ये सगळे संपले. ‘सैनिक किती उरले ते मोजू नका, त्यांचा पगार कोणत्या देशातून येतो ते विचारा,’ असे तुम्ही म्हणालात. सतरा वर्षे उलटली तरी ते वाक्य माझ्या कानात आहे.

मी विजेचा माणूस असल्यामुळे ते मला चटकन कळले. सुमारे 202 किलोमीटर लांबीची ती 220 केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनी आणि चिमतलाचे उपकेंद्र भारताच्या मदतीतून उभे राहिले आणि 2009 मध्ये काबूलला उझबेकिस्तानची वीज मिळू लागली, तेव्हा आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या होत्या. आमच्यातले काही जण रडलेही होते, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. परंतु दिवा काबूलमध्ये लागला तरी वीज तयार होत होती सीमेपलीकडे. तुमच्या देशाचे सरकारही तसेच होते: 2021 पूर्वी त्याच्या सार्वजनिक खर्चाचा सुमारे 75 टक्के भाग परदेशी अनुदानातून येत होता. ज्या राज्याचा खर्च जनतेच्या करातून चालत नाही, त्याच्या राज्यकर्त्यांना जनतेपेक्षा देणगीदारांचे मन अधिक राखावे लागते, आणि हे कोण्या एका मंत्र्याच्या स्वभावातून आलेले नसून त्या रचनेतच होते.

त्याच कामावर असताना पानिपताचा विषय निघाला होता तेही सांगितले पाहिजे. तुमच्याकडे ज्यांना आदराने अहमदशाह बाबा म्हणतात, त्या अब्दालीचे नाव आमच्याकडे 1761 च्या संक्रांतीच्या दुःखाशी जोडलेले आहे, आणि पुरता नाश होण्याला आम्ही आजही ‘पानिपत होणे’ असेच म्हणतो. मी थोडा अवघडून बोलत होतो, पण तुम्ही शांतपणे विचारलेत, ‘बाबा परत गेल्यावर दिल्लीत काय झाले?’ आम्ही पानिपत शाळेत शिकतो ते बहुतेक पराभवापर्यंतच, म्हणून मला आठवून आठवून सांगावे लागले. अब्दाली काही आठवड्यांतच माघारी फिरला. मुघल बादशाह म्हणून शाह आलमला मान्यता मिळाली, पण तो पूर्वेकडेच राहिला आणि दिल्लीचा कारभार अब्दालीच्या बाजूचा रोहिला सरदार नजीबउद्दौला याच्या हाती गेला. 1770 मध्ये नजीब वारला, 1771 मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली आणि 1772 च्या जानेवारीत शाह आलम मराठ्यांच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत आला. यावर तुम्ही एवढेच म्हणालात की जिंकून परत गेलेल्याने लावलेली घडी एका माणसाच्या आयुष्याएवढी टिकली. मराठी माणसाला पानिपताची ही बाजू एका अफगाण माणसाने समजावून द्यावी, याचे मला आजही अप्रूप वाटते.

भारतात परतल्यावरही तुम्ही मला शिकवत राहिलात. 2014 मध्ये अश्रफ घनी आणि अब्दुल्ला अब्दुल्ला यांच्यातला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा वाद अमेरिकेच्या मध्यस्थीने मिटवला गेला आणि संविधानात नसलेले ‘मुख्य कार्यकारी’ हे पद निर्माण झाले, तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांनी स्थैर्य आले असे लिहिले. मतदाराने रांगेत उभे राहून, बोट शाईत बुडवून दिलेले मत मोजून झाले की नाही हेच त्याला कळले नाही, असे तुम्ही मला फोनवर सांगितलेत. 2016 मध्ये तर विजेच्या तारांवरूनच राजकारण पेटले. मध्य आशियातून येणारी नवी 500 केव्ही वाहिनी बामियानमार्गे न्यावी अशी तिथल्या हजारा या अल्पसंख्याक समाजाची मागणी होती, कारण सल्लागारांच्या मूळ आराखड्यातही तोच मार्ग सुचवलेला होता. सरकारने सालंगचा मार्ग निवडला. 23 जुलै रोजी काबूलच्या देह-मझांग चौकात शांततेने निदर्शने करणाऱ्यांवर आत्मघाती हल्ला झाला आणि 80 हून अधिक लोक मारले गेले. हल्ला इस्लामिक स्टेटने केला होता, सरकारने नव्हे, हे तुम्ही स्पष्टपणे सांगितलेत. पण एका वाहिनीसाठी एवढे लोक रस्त्यावर का उतरले होते, असे मी विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात की मनोरे कोठून जातात यावरून आपण या देशात मोजले जातो की नाही हे लोकांना कळते. वाहिनीचा मार्ग ठरवताना मी आयुष्यभर चढ, माती आणि खर्च यांचाच विचार केला होता. निवृत्तीनंतर का होईना, तुम्ही माझ्या विद्येत भर घातलीत.

29 फेब्रुवारी 2020 रोजी कतारमधील दोह्यात अमेरिका आणि तालिबान यांच्यात करार झाला. ज्या सरकारचे भवितव्य त्यात ठरत होते ते सरकार त्या करारात पक्षकार नव्हते, आणि तरीही त्याने 5,000 पर्यंत कैदी सोडावेत असे त्यात लिहिलेले होते. त्यानंतर नऊ दिवसांनी घनी आणि अब्दुल्ला या दोघांनीही काबूलमध्ये वेगवेगळ्या समारंभांत राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्या आठवड्यात तुम्ही पहिल्यांदा मला म्हणालात की आता भीती वाटते. पुढच्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला अमेरिकेने काबूलजवळचा बगरामचा हवाई तळ सोडला, विमाने दुरुस्त करणारे परदेशी कंत्राटदार गेले, 6 ऑगस्टला झरंज ही पहिली प्रांतिक राजधानी तालिबानच्या हाती पडली आणि 15 ऑगस्टला काबूलही. अफगाण सैनिक लढलेच नाहीत, असे त्या दिवसांत अनेकांनी सहजपणे म्हटले आणि आमच्याकडेही ते ऐकू आले. आपण सत्तेवर आल्यापासून 45,000 हून अधिक सुरक्षा कर्मचारी मारले गेल्याचे घनी यांनी स्वतः जानेवारी 2019 मध्ये सांगितले होते. एवढी माणसे गमावलेल्या फौजेला भित्रे म्हणणे हा घोर अन्याय आहे, आणि तो आकडा मला लक्षात ठेवायला लावल्याबद्दलही मी तुमचा आभारी आहे.

त्या 15 ऑगस्टला आमच्याकडे स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदन आटोपून मी घरी आलो आणि संध्याकाळपर्यंत तुमचा फोन लावत राहिलो. अखेर तुम्ही उचललात. मी घरच्यांची विचारपूस करण्याआधीच तुम्ही सांगितलेत, ‘इंजिनिअर साहेब, लाइट आहे. उपकेंद्रातली मुले कामावर आहेत.’ त्या रात्री तुम्ही मला धीर दिलात. तो मी द्यायला हवा होता. पुढे तुमच्या कुटुंबाला इथे आणण्यासाठी आम्ही केलेले अर्ज निष्फळ ठरले. त्याबद्दल तुम्ही कधी एक शब्दही बोलला नाहीत, म्हणून मीच आज मनापासून क्षमा मागतो.

आता पुढे काय, हा प्रश्न मी तुमच्याच मापाने मोजून पाहतो. पगार कोठून येतो, हा तुमचा पहिला प्रश्न. मानवी मदत अजून बाहेरून येत असली आणि मध्यवर्ती बँकेचे सुमारे 7 अब्ज डॉलर अमेरिकेत गोठवले गेले असले, तरी आजची राजवट सीमाशुल्क आणि कर स्वतः वसूल करून कारभार चालवते, म्हणून एखादी राजधानी लांबून पैसा थांबवून तिला 1992 सारखे एकाएकी पाडू शकेल असे मला वाटत नाही. कोणाला विचारले, हा दुसरा प्रश्न, आणि तिथे मला काहीच सापडत नाही. संविधान नाही, निवडणूक नाही. अंतिम निर्णय कंदाहारमध्ये बसलेल्या अमीरांच्या, म्हणजे तालिबानच्या सर्वोच्च नेत्याच्या, फर्मानाने होतात. भारताने बांधून दिलेली संसदेची इमारत डिसेंबर 2015 पासून उभी आहे, पण आत संसद नाही. 23 मार्च 2022 रोजी मोठ्या मुलींच्या शाळा उघडल्या आणि काही तासांतच बंद झाल्या, त्याच वर्षीच्या डिसेंबरात विद्यापीठेही त्यांना बंद झाली, आणि देशाच्या अर्ध्या लोकसंख्येला वगळून घेतलेल्या या निर्णयाबद्दल त्या मुलींच्या आईबापांना कोणी विचारले नाही. शोमालीतल्या त्या वृद्धाचे ‘तुमची मर्जी’ हे वाक्य मला आता वारंवार आठवते. आज देशभर जी शांतता दिसते तिच्यात किती खरा होकार आहे आणि किती ‘तुमची मर्जी’ आहे, हे बाहेरच्या कोणालाही सांगता येणार नाही. रशियाने जुलै 2025 मध्ये या सरकारला मान्यता दिली आणि आमच्या सरकारनेही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काबूलमधील कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. राज्ये शेजाऱ्यांशी व्यवहार करतात आणि ते मला समजते. पण आमच्या माणसांना त्या शांततेचा अर्थ सांगणारा, तुमच्यासारखा तर्जुमान त्यांच्या शेजारी उभा असावा अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

2025 च्या सप्टेंबरअखेरीस तुमच्या देशात इंटरनेट बंद झाले, तेव्हा दोन दिवस तुमचे उत्तर आले नाही आणि मी तुमची ती जुनी वही काढून बसलो. सालंगच्या तंबूत तुम्ही दरी, म्हणजे अफगाणी फारसी, भाषेतले शब्द उच्चारायचात आणि मी ते देवनागरीत उतरवून घ्यायचो. पहिल्याच पानावर, मनोऱ्यावर चढलेल्या कामगारांना तुम्ही रोज खालून हाक मारून जे म्हणत असायचात ते लिहिलेले आहे: ‘मांदा न बाशी’, तू थकू नयेस. आणि त्याखाली, वरून येणारे त्यांचे उत्तर: ‘झिंदा बाशी’, तू जिवंत राहावास.

तर्जुमान साहेब, मांदा न बाशी.

आपला कृतज्ञ,
एक निवृत्त विद्युत अभियंता, सोलापूर