आधी फोटो नीट काढा

संपादक महोदय,

एक्स-रेतले फ्रॅक्चर आता एआय ओळखणार, ही आपल्या अंकातली बातमी वाचली. मी ३१ वर्षे ग्रामीण रुग्णालयांत एक्स-रे काढले. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली फिल्म धुण्यापासून सुरुवात केली आणि कॉम्प्युटरवर फोटो दिसू लागले तेव्हा निवृत्त झालो. त्यामुळे चार शब्द लिहितो.

गेल्या पावसाळ्यात माझा पुतण्या मोटारसायकलवरून घसरला आणि हात टेकून पडला. एका दवाखान्यात एक्स-रे झाला. ‘हाड शाबूत आहे, मुरगळलंय’ म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवले. तीन आठवड्यांनी सूज उतरली तरी दुखणे जाईना, म्हणून माझ्याकडे आला. अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडतो तिथे दाबले, तर हात ओढूनच घेतला. फिल्म खिडकीशी धरून पाहिली. मनगटाचा एकच फोटो, समोरून, तोही किंचित फिरलेला.

तिथे स्कॅफॉइड नावाचे काजूसारखे छोटे हाड असते. ते नीट दिसायला हात करंगळीकडे वळवून वेगळा फोटो घ्यावा लागतो. शिवाय या हाडाचा ताजा तडा पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसतच नाही. म्हणून दुखत असेल तर प्लास्टर घालून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. याचे बरेचसे रक्त बोटांच्या बाजूने येते. मधोमध मोडले की कोपराकडचा तुकडा उपाशी राहू शकतो आणि मग हाड जुळून येत नाही. पुतण्याचे तेच झाले, शेवटी स्क्रू घालावा लागला. दुधाचे कॅन तो अजून डाव्या हातानेच उचलतो.

माझा एआयला विरोध नाही, उलट हवेच आहे. रात्री दोन वाजता अपघाताचे पेशंट येतात तेव्हा तालुक्याला रेडिओलॉजिस्ट कुठला? नवखा डॉक्टर एकटा फिल्म बघत असतो. ब्रिटनमध्ये तातडीच्या विभागांत ३ ते १० टक्के वेळा फ्रॅक्चर नजरेतून सुटते असे उपचारांबाबत मार्गदर्शन करणारी तिथलीच ‘नाइस’ ही संस्था सांगते. जानेवारी २०२५मध्ये तिने अशी चार सॉफ्टवेअर वापरायला परवानगी दिली, पण डॉक्टरने स्वतः फोटो पाहायचा ही अट ठेवूनच.

आपल्याकडे ती अट कागदावर राहील, ही माझी भीती. कॉम्प्युटरने ‘फ्रॅक्चर नाही’ म्हटले की खळगा दाबून बघायचे कष्ट कोण घेणार? पुतण्याच्या त्या फिल्ममध्ये जे आलेच नव्हते, ते सॉफ्टवेअरने तरी कुठून शोधले असते?

म्हणून सरकारी रुग्णालयांत हे घेताना आरोग्य खात्याने दोन गोष्टी आधी कराव्यात. मनगटाचा फोटो किमान दोन बाजूंनी काढल्याशिवाय सॉफ्टवेअरकडे जाऊ नये. आणि खळगा दुखत असेल, तर मशीन काहीही म्हणो, केसपेपरवर पुन्हा येण्याची तारीख लिहिलेली असावी. त्याला पैसे लागत नाहीत.

– एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन, सिन्नर