आबा, तिला माहीत होतं, पण नुसतं माहीत असून काय

ती. आबांना शि. सा. नमस्कार,

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवटच राहिलं. तुम्ही म्हणालात, जी बाई स्वतः पोलिसांना फोन लावते ती वेडी कसली, आणि मी काहीतरी उत्तर द्यायला गेले तेवढ्यात आजीने फोन घेतला आणि विषय थेट लोणच्यावर गेला. म्हणून आता सविस्तर लिहितेय, जरा लांबणार आहे, दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला.

आधी केस नीट सांगते, फोनवर मी फार घाईत सांगितली. २० जून २००१, ह्यूस्टन, इथून म्हणजे ऑस्टिनहून गाडीने अडीच-तीन तास. अँड्रिया येट्स नावाची बाई, पूर्वी नर्स होती, नवरा नासात इंजिनियर. नवरा कामावर गेला, सासू यायला अजून तासभर होता, तेवढ्या वेळात तिने पोटची पाचही मुलं घरातल्या बाथटबात बुडवून मारली, थोरला सात वर्षांचा आणि धाकटी सहा महिन्यांची. मग पोलिसांना फोन केला, मग नवऱ्याला. लिहिताना पण हात थांबतो.

आता जे फोनवर राहून गेलं ते. ही एका दिवसात झालेली गोष्ट नाही. चौथ्या मुलानंतर, १९९९ मध्ये, तिने दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला होता, हॉस्पिटलात होती, औषधं चालू होती, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आणखी मूल नको, हा आजार परत येईल. पाचवं झालं. मग वडील गेले आणि ती पुन्हा ढासळली. तिचं मुख्य औषध घटनेच्या थोड्याच दिवस आधी बंद केलेलं होतं. तिच्या डोक्यात काय होतं तर आपण वाईट आई आहोत, आपल्यात सैतान आहे, मुलं बिघडत चाललीत आणि मोठी झाली की नरकात जाणार, आत्ताच निष्पाप असताना मेली तर वाचतील. म्हणजे तिच्या हिशोबाने ती मुलांना वाचवत होती आबा.

बाळंतपणानंतर हजारात एक-दोन बायकांना हा तीव्र प्रकार होतो, सायकोसिस म्हणतात. नुसतं उदास वाटणं वेगळं, ते कितीतरी जणींना होतं. यात माणूस भलतंच ऐकतो, भलतंच बघतो आणि ते शंभर टक्के खरं धरून चालतो. बाळंतपणानंतर हार्मोन्स एकदम कोसळतात, त्यात झोप नाही, आणि आधीपासून बायपोलरचा (कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी असा) आजार अंगात किंवा घराण्यात असेल तर धोका फार वाढतो. वेळेत औषध मिळालं तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात, म्हणून तर जास्त राग येतो. आपल्याकडे अशा बाळंतिणीला बाहेरचं लागलं म्हणतात आणि आधी देवऋषाकडे नेतात. तरी इथे अमेरिकेत, नासाच्या दारात, शिकलेल्या घरात हे असं झालं, तेव्हा आपल्याच लोकांना नावं ठेवायचं काही कारण नाही.

खटला उभा राहिला. टेक्सासच्या कायद्यात प्रश्न एकच, आरोपीला गंभीर मानसिक आजारामुळे आपण करतोय ते चूक आहे हे कळत नव्हतं का. बस. स्वतःला आवरता येत होतं का हे विचारतच नाहीत. सरकारी वकिलांनी अगदी तुमचाच मुद्दा मांडला, नवरा जायची वाट बघितली, पोलिसांना स्वतः बोलावलं, म्हणजे चूक आहे हे माहीत होतं. मार्च २००२ मध्ये ज्यूरीने, म्हणजे निवडलेल्या सामान्य नागरिकांनी, दोषी धरलं, फाशी दिली नाही, जन्मठेप.

आणि मग गंमत (गंमत कसली) झाली. सरकारी बाजूच्या मानसोपचारतज्ज्ञाने साक्षीत सांगितलं होतं की टीव्हीवरच्या एका प्रसिद्ध मालिकेत असाच एपिसोड येऊन गेला होता, बाई मुलांना बुडवते आणि वेडी म्हणून सुटते. हा साक्षीदार स्वतः त्या मालिकेचा सल्लागार. नंतर कळलं असा एपिसोड कधी झालाच नव्हता! त्यावरून २००५ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला आणि २००६ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने जवळपास तोच पुरावा ऐकून वेडेपणामुळे निर्दोष ठरवलं. तेव्हापासून ती सरकारी मनोरुग्णालयात आहे, आणि सुटकेच्या विचारासाठी दरवर्षी सुनावणी होऊ शकते ती पण ती स्वतःच नाकारते असं बातम्यांत येतं. म्हणजे बाई तीच, आजार तोच, कायदा तोच, आणि उत्तरं दोन. तुमच्या वेळेला ज्यूरी कधीच गेलेली, पण जज्ज बदलला की निकाल बदलतो हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलंय.

तुम्ही म्हणाल आपल्याकडे जुन्या दंड संहितेचं ८४ कलम आहे की, वेडाच्या भरात चूक काय ते न कळता केलं तर गुन्हा धरत नाहीत ते. आहेच, आता भारतीय न्याय संहितेत ते २२ झालं, नंबर बदलला पण गाभा तोच, आणि तो मूळचा १८४३ च्या इंग्लंडमधला. मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान पीलचा पक्ष आपल्या मागे लागलाय या भ्रमात, पील समजून त्याच्या सेक्रेटरीला गोळी घातली, ज्यूरीने सोडला, लोक खवळले, मग न्यायाधीशांनी नियम घालून दिला की आपण करतोय ते चूक आहे हे माहीत होतं का ते बघा. तेव्हा मेंदूबद्दल कोणाला काय माहीत होतं? जवळपास काही नाही. त्या काळच्या समजुतीवर बसवलेली पट्टी आपण अजून वापरतोय. त्याच इंग्लंडने १९२२ मध्ये बाळंतिणीसाठी वेगळा कायदा केला, आईने तान्ह्याला मारलं आणि बाळंतपणामुळे तिचं मन ठिकाणावर नव्हतं तर तो खून धरायचा नाही, शिक्षा सौम्य. आपण त्यांचा १८४३ चा नियम घेतला आणि १९२२ चा ठेवला तिकडेच.

पण आपल्याकडे पण डोकं चालवणारे जज्ज झालेत हं. कलकत्ता हायकोर्टाची १९४९ च्या सुमाराची केस आहे, एकाला स्वप्नात स्वर्गातून हुकूम झाला म्हणून त्याने पोटच्या मुलाचा बळी दिला. कोर्टाने ८४ चा फायदा दिला, कारण त्याच्या मते तो बरोबरच करत होता. येट्सबाईंची आणि ही केस शेजारी ठेवून बघा. तिला माहीत होतं की पोलिस येणार, कायदा पकडणार. हे चूक आहे हे मात्र तिला पटलेलं नव्हतं, उलट न करणं हेच पाप वाटत होतं. माहीत असण्याचे असे थर असतात आबा आणि कायदा सगळ्यात वरचा थर बघून निघून जातो.

इथे अजून एक माणूस होता, स्कॉट पॅनेटी, १९९२ मध्ये सासू-सासऱ्यांना मारलं. बरीच वर्षं स्किझोफ्रेनिया, तरी १९९५ च्या खटल्यात स्वतःचा वकील स्वतः झाला, जांभळा काउबॉयचा ड्रेस घालून कोर्टात यायचा आणि साक्षीदार म्हणून येशू ख्रिस्त, पोप आणि मेलेल्या केनेडींना समन्स काढा म्हणाला. फाशीची शिक्षा झाली. त्याला फाशीचं विचारलं तर सगळं बरोबर सांगायचा, खून केला, शिक्षा झाली, पण मी धर्मप्रचार करतो म्हणून सरकार मला मारायला टपलंय. २००७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं पोपटासारखं माहीत असणं पुरत नाही, आपल्याला का मारतायत हे खरंखुरं उमगायला हवं. आपल्या सुप्रीम कोर्टात पण २०१९ ला महाराष्ट्रातलीच केस झाली, नाव छापलंच नाही, 'आरोपी एक्स' म्हणतात. गुन्हा ऐकवत नाही असा, दोन लहान मुली. पण फाशीची शिक्षा सुनावल्यावर तुरुंगात तो मनाने गंभीर आजारी झाला होता आणि कोर्टाने फाशी रद्द करून मरेपर्यंत तुरुंग आणि उपचार दिले. मला ते पटतं. तुम्हाला पटणार नाही हे माहीत आहे.

आता तुम्हाला वाटेल ही पोरगी मेंदूत बिघाड म्हटलं की कोणालाही सोडायला निघाली. नाही. इथे युनिव्हर्सिटीत उंच टॉवर आहे, १ ऑगस्ट १९६६ ला चार्ल्स व्हिटमन नावाचा विद्यार्थी रायफल घेऊन त्यावर चढला आणि दीड-एक तास माणसं टिपत बसला. आदल्या रात्री आई आणि बायकोला मारलं होतं, चिठ्ठीत लिहिलं होतं की मला काय होतंय कळत नाही, मेल्यावर माझं डोकं तपासा. तपासलं तर गाठ निघाली! सगळे म्हणतात बघा, गाठीने केलं. पण गव्हर्नरांनी नेमलेल्या कमिशनने सुद्धा, हातभार लागला असू शकेल, एवढंच म्हटलं. मेंदूत गाठ असलेली असंख्य माणसं कोणावर बंदूक उचलत नाहीत. स्कॅनमध्ये गाठ दिसते, निर्णय दिसत नाही.

आणि मशीनवर विश्वास टाकला की काय होतं ते आपल्या पुण्यातच झालं. २००८ ला सेशन्स कोर्टाने एका तरुणीला खुनात जन्मठेप दिली, पुराव्यात मेंदूची टेस्ट होती, डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, 'मी विष विकत घेतलं' अशी वाक्यं ऐकवायची, ती गप्प बसलेली, आणि कॉम्प्युटर सांगणार की हे तिने अनुभवलंय का नुसतं ऐकलंय. जगभरचे शास्त्रज्ञ हादरले, कारण अशी खात्री देणारा पक्का अभ्यासच नव्हता. पुढे हायकोर्टातून तिला जामीन झाला, आणि २०१० मध्ये सेल्वी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नार्को, लाय डिटेक्टर आणि ही मेंदूची टेस्ट, तिन्ही संमतीशिवाय करायला बंदी घातली. बरं झालं. म्हणून माझं म्हणणं असं की चकचकीत फोटोपेक्षा जुने केसपेपर बघा, कधीपासून औषधं होती, कोणी बंद केली, घरच्यांनी काय काय बघितलं. येट्सबाईंच्या बाबतीत ते सगळं आधीपासून लिहून ठेवलेलं होतं.

एक तुम्हालाच विचारायचंय. कलम बघतं तो घाव घातला त्या क्षणी मन कसं होतं, आणि डॉक्टर आरोपीला बघणार कधी, तर अटक, कोठडी, मग येरवड्याच्या मनोरुग्णालयात पाठवणार तेव्हा, तोपर्यंत किती दिवस गेलेले. साताऱ्याच्या कोर्टात तुम्ही शिरस्तेदार होतात तेव्हा हा काळ भरून काढायला काय करायचे? घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या साक्षी घ्यायचे की डॉक्टरच्या रिपोर्टवर भागवायचे? तुम्ही एकदा एका मेंढपाळाची केस सांगितली होती, भावाला कुऱ्हाडीने मारून प्रेताशेजारी भाकरी खात बसला होता तो. त्याचं शेवटी काय झालं ते कधी बोलला नाहीत. आठवत असेल तेवढं दादाला सांगा, तो टाइप करून पाठवेल, व्हॉइस मेसेज पाठवलात तर अजून छान.

बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्या, आजीला सांगा लोणचं पोचलं, बरणी फुटली नाही, जरा तेल आलं बाहेर एवढंच. आईला आणि काकूला नमस्कार.

तुमची,
मनू